मैदानबाईंचा तास

शाळेत त्यांना सगळे मैदानबाई म्हणत. पाच-सहा वर्षांच्या पोरांना त्या रोज एक तास बाहेर काढत, म्हणून. ऊन असो, वारा असो, बाई निघाल्याच! पोरं ओल्या वाळूची बादली आणि कोरड्या वाळूची बादली उचलून बघायची, जड कुठली यावरून कडाकडा भांडायची, आपली सावली पावलांनी मोजायची. मुंग्यांच्या रांगेत काडी आडवी टाकून त्या आता काय करतील, याच्या पैजा लावायची. घरी जाताना कपड्यांचा पार चिखल. आयांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, तर पडू देत.

मैदानाच्या कोपऱ्यात तुतीचं जुनं झाड होतं. तिथे बाईंचा एकच नियम: कुणी कुणाला वर चढवायचं नाही. जमेल त्याने आपल्या हातापायांनी चढावं, न जमेल त्याने खाली थांबावं, त्यात लाज कसली? बावीस वर्षांत त्या झाडावरून एकही पोर पडलं नव्हतं. गुडघे मात्र सगळ्यांचेच सोललेले.

या वर्षी तक्रारी फारच वाढल्या. सगळ्यांत पुढे वर्गातल्या बिट्टीचे वडील. दातांचे डॉक्टर, बोलणंही तसंच, टोचून टोचून. "आम्ही फी शिकण्याची भरतो, खरचटण्याची नाही," असं ते सभेत म्हणाले होते. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मैदानबाईंना खोलीत बोलावून घेतलं.

"उद्या ते स्वतः बघायला येतायत. जरा जरी काही झालं ना बाई, तरी तास बंद. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

त्या तासात मैदानबाईंचा जीव होता. लहानपणी आई कामावर जाताना त्यांना खोलीत ठेवून बाहेरून कडी घालायची. बिचारी करणार काय, घरात दुसरं होतं कोण? खिडकीच्या गजांतून दुसऱ्यांचे खेळ बघण्यातच बाईंचं बालपण सरलं. आपल्या वर्गातलं एकही पोर असं बसायचं नाही, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, हाताची घडी घालून उभे राहिले. पोरं भराभर झाडावर चढली. बिट्टी खालीच. गेले चार महिने ती नुसती खोडाला हात लावून बघायची, एक पाय गाठीवर ठेवायची, काढायची. बाई तिला काही बोलत नसत.

डॉक्टरांना मात्र ते लागलं. दोष काढायला आलेला माणूस, पण सगळ्यांची पोरं वर आणि आपलीच तेवढी खाली? बाई एकाचा गुडघा धुवायला नळापाशी गेल्या, तेवढ्यात त्यांनी बिट्टीला उचललं आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात नेऊन बसवलं.

"हस बघू! फोटो काढतो," म्हणत ते चार पावलं मागे सरले.

बिट्टीने खाली पाहिलं आणि तिची पाचावर धारण बसली. बापाचा हात लांब, जमीन त्याहून लांब. ती रडत रडत वरच्या फांदीवर सरकली आणि फांदीला घट्ट चिकटली.

"उडी मार, मी झेलतो!" डॉक्टर ओरडले. ती आणखी टोकाकडे सरकली. फांदी वाकली.

बाकीची पोरं भराभर खाली उतरली. बाई धावत आल्या. मोठ्या बाई ओसरीतून धावत आल्या. रखवालदाराने शिडी आणून टेकवली मात्र, फांदी हलली आणि बिट्टीने अशी किंकाळी फोडली की त्याने शिडी तशीच मागे ओढली.

"बघितलंत? हेच म्हणत होतो मी!" डॉक्टर म्हणाले.

"कुणी बसवलं तिला वर?" बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी हातातला मोबाइल खिशात सरकवला.

"अहो, ती चढलीच नाहीये! मग उतरायची वाट तिला कळणार कुठून?" बाईंना इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. पण रागावायला वेळ होता कुणाला? त्यांनी चपला काढल्या. वय चोपन्न, उजवा गुडघा कुरकुरणारा, आणि जन्मात कधी झाडावर चढलेल्या नाहीत. बावीस वर्षं नुसत्या खाली उभ्या!

"ए चोंबडे," त्यांनी वर्गातल्या सगळ्यांत बडबड्या पोरीला हाक मारली, "सांग गं मला. पहिला पाय कुठे?"

"डावा, गाठीवर. आता तो खड्डा धरा. तो नाही हो बाई, त्याच्यावरचा!"

बाई घसरल्या, कोपर सोललं, पुन्हा चढल्या. अखेर त्या फांदीच्या बुंध्याशी पोचल्या आणि खोडाला मिठी मारून बसल्या.

"बाई, तुम्ही घाबरलात?" बिट्टीने हुंदका देत विचारलं.

"भयंकर. मला उतरता पण येत नाही गं. तू सरक इकडे, दोघी मिळून खालच्या पोरांना विचारू."

बिट्टी पोटावर सरपटत, इंच इंच करत बुंध्याशी आली. बाईंनी तिला धरलं नाही. धरलं असतं तर दोघीही पडल्या असत्या. खालून पोरं सांगत होती, बाई एक पाय खाली घेत होत्या, त्याच जागी बिट्टी पाय ठेवत होती. एकदा तिचा पाय सुटला. मोठ्या बाईंच्या तोंडून "अगं आई" निघालं. बिट्टी हातांवर लोंबकळली, पायाने चाचपडली, गाठ सापडली.

दोघींचे पाय जमिनीला लागले. बाई मातीतच बसल्या. संपला आपला तास, एवढंच त्यांच्या मनात होतं.

डॉक्टर लेकीला कडेवर घ्यायला वाकले. "चुकलंच माझं, बिट्टू. मीच ठेवलं तुला वर," ते सगळ्यांदेखत म्हणाले. बिट्टी त्यांच्या हाताखालून निसटली. डोळे पुसले, नाक पुसलं, झाडाकडे वळली आणि डावा पाय गाठीवर ठेवला.

"नको! बिट्टी, नको!" डॉक्टर पुढे झेपावले.

मोठ्या बाईंनी त्यांची बाही घट्ट पकडली.

"थांबा हो डॉक्टर," त्या म्हणाल्या. "चढतेय ती."