अर्ध्या डोक्याची इस्त्री

आमच्या दादानं माझ्या डोक्याला इस्त्री केली, तेव्हा घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मी नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि मला बघायला कुरुंदवाडहून पाहुणे येणार होते. मुलगा शिक्षक, घर चांगलं. अडचण एकच, माझे केस. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मला 'चिमणीचं घरटं' म्हणायचे. (लहानपणी. मोठी झाल्यावर नुसतं 'घरटं'.) आई रोज सकाळी कोरड्या केसांतून बारीक दातांचा कंगवा ओढायची. निम्मे केस कंगव्यात यायचे, उरलेले चिडून दुप्पट फुगायचे. मग त्यांच्यावर वाटीभर तेल. या केसांना काय हवंय, हा प्रश्न आमच्यात कुणाला कधी पडलाच नाही.

त्यात पाहुण्यांनी आधीच विचारलं होतं, "मुलीचे केस लांब हायत न्हवं?" माझ्या वडिलांनी, आबांनी, सांगून टाकलं, "व्हय, कमरेपर्यंत." (ओले करून ओढून धरले की येत होते. त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.)

"त्यात काय एवढं," दादा म्हणाला. "मी इस्त्री करतो की."

दादाच्या इस्त्रीला घरात मान होता. त्याच्या पँटच्या घडीनं कलिंगड कापता आलं असतं.

"भाजंल की रं पोरगी," आई म्हणाली.

"बटन टेरिकॉटवर ठेवलंय. काय हुत न्हाय."

मी टेबलावर घोंगडीची घडी टाकून तिच्यावर कान टेकला. दादा मन लावून काम करत होता. डावी बाजू झाली, थोडा करपल्याचा वास आला, पण केस सुतासारखे सरळ झाले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता उजवी बाजू वर कर," दादा म्हणाला आणि लाईट गेली.

लाईट आली नाही. पाहुणे आले.

आईनं दोन्ही बाजू गोळा करून करकचून अंबाडा बांधला, वर गजरा लावला. चहापोहे झाले. मुलानं एकदा वर बघितलं आणि हसला. मला तो आवडला. (हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.) तेवढ्यात त्याची मावशी म्हणाली, "केस सोड बघू, बाळ."

"आत्ताच न्हालीय ओ, ओले हायत," आई घाईघाईनं म्हणाली.

"मग सोडले की वाळतील."

आकडे निघाले. डावी बाजू सळसळत पाठीवर उतरली. उजवी कानापाशीच उभी राहिली. मावशींनी मला एका बाजूनं पाहिलं, मग उठून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. "हिकडनं एक मुलगी दिसती, तिकडनं दुसरी," त्या म्हणाल्या. "आम्हाला कुठली दाखवायलाय?" आणि खात्री करायला त्यांनी डावीकडची बट हळूच ओढली. ती त्यांच्या हातातच आली. करपलेली होती.

मुलगा पोह्यांच्या रिकाम्या बशीत बघत राहिला.

दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर नकार आला. फोन बूथवाल्यांनी घेतला आणि निरोप आमच्या दारात, गल्लीला ऐकू जाईल असा दिला. "मुलगी चांगली हाय, पर तिच्या डोक्याच्या केसांत दोष हाय, म्हणत्यात." संध्याकाळपर्यंत 'केस' हा शब्द गळून गल्लीत नुसता 'डोक्यात दोष' उरला होता. समोरच्या काकू आईला हळूच एका डॉक्टरचा पत्ता देऊन गेल्या. दोन स्थळं न येताच परतली. पुढं एका घरानं मला देवळात, डोक्यावर पदर असताना पाहिलं. म्हणून माझं लग्न झालं.

त्यानंतर चार वर्षांनी दादानं स्वतःसाठी मुलगी पसंत केली. तिचे केस माझ्याहून कुरळे.

"मला आवडतात तसले," तो म्हणाला.

मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही. का, ते त्याला अजून कळलेलं नाही.

शेवटी मला शहाणं केलं ते त्या वहिनीनंच. एका दिवाळीत माहेरी मी कंगव्याशी झोंबत होते, तर तिनं तो हातातून काढून घेतला. "वन्सं, कोरड्यात कंगवा घालायचा न्हाय. ओले असताना बोटांनी सोडवायचे. जवस उकळून गाळलेलं पाणी चोळायचं. टॉवेलनं खसाखसा पुसायचं न्हाय, जुन्या सुती साडीत दाबायचे. मग वाळंपर्यंत हात लावायचा न्हाय."

"एवढंच?"

"एवढंच की."

एवढंच कळायला मला पस्तिशी गाठावी लागली. पण तासाभरानं आरशात पाहिलं, तर एकेक बट जिलबीसारखी वळलेली, चकचकीत. मी बराच वेळ आरशासमोरून हलले नाही.

त्याच आठवड्यात एका लग्नात केस मोकळे सोडून गेले. पंगतीत शेजारी बसलेली अनोळखी बाई माझ्याकडं बघतच राहिली. "किती सुंदर केस ओ तुमचे. कुठनं करून घेतलेसा?"

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. 'माझेच आहेत' हे दोन शब्द अगदी जिभेवर आले होते. पण असल्या केसांसाठी कुणी पैसे मोजतं, ही कल्पना मला त्याहून गोड वाटली.

"शाहूपुरीत एक पार्लर हाय," मी म्हणाले. "सहा महिने टिकतात."