ब्रदरांच्या खोलीत उत्तर देणारं कोण होतं?

मी फादर आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं, याचा चमत्कारांवर पटकन विश्वास बसत असणार. खरं तर उलट आहे. सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, आम्हाला आधी संशय घ्यायलाच शिकवलं... कुणी दृष्टान्त झाला म्हणून सांगायला आलं की मी पहिल्यांदा झोप नीट लागते का, ते विचारतो. तरी हा एक अनुभव माझ्याच्यानं झटकता आलेला नाही.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. बेळगावात, अनगोळच्या वाटेवर आमची छोटी सेमिनरी होती. मी खानापूरकडच्या शेतकरी घरातला. घंटा झाली की हातातलं काम टाकायचं, जेवताना गप्प राहून एकाचं वाचन ऐकायचं, प्रार्थनेत डोळे पुस्तकावरून हलवायचे नाहीत — हे सगळं मला जमलं. जमेना ते लॅटिन प्रार्थना मोठ्यानं म्हणणं. पाठ सगळं होतं हो, पण मी जन्माचा तोतरा. 'डॉमिनुस'चा 'डॉ' धरून बसायचो आणि अख्खं चॅपल माझ्याबरोबर अडकून पडायचं. ज्याला वेदीपुढची मुख्य उपासना, मिस्सा, म्हणता येत नाही, तो फादर होणार कसा? शेवटी आमच्या मुख्य फादरांनी, म्हणजे रेक्टरनी, बोलावून सांगितलं की शनिवारी घरी जा.

मला घरचं अंगण दिसायला लागलं. आमच्या गावातून फादर व्हायला निघालेला मी पहिलाच. निघताना आप्पा म्हणाले होते, "आता झगा घालूनच ये रं घरला. आमी वाट बघतो."

गुरुवारी दुपारी बाकीचे रांगेनं फिरायला गेले. मी तसाही घरी जाणारच होतो, म्हणून मला आजारी ब्रदरांजवळ बसवलं. हे म्हातारे ब्रदर निपाणीकडचे. सेमिनरीचा मळा सांभाळायचे आणि आम्हाला गुपचूप पेरू द्यायचे. अर्धांगानं त्यांची वाचा कधीचीच गेली होती, साधा हुंकारही निघत नसे. रेक्टरनी सकाळीच त्यांना मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावलं होतं.

थोड्या वेळानं त्यांचा श्वास बदलला. खोली मळ्याच्या टोकाला... कुणाला बोलवायला धावलो असतो तर ते एकटेच गेले असते. उशाशी मरणाऱ्यासाठीच्या प्रार्थनेचं पुस्तक होतं. त्यात एकानं संताचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं — 'ओरा प्रो एओ', याच्यासाठी प्रार्थना कर. दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा दोन्ही आपणच म्हणावं असं ठरवून मी गुडघे टेकले.

"सांक्ता मारिया..." न अडखळता! मीच चकित झालो. आणि पुढचं म्हणणार तेवढ्यात उत्तर आलं. 'ओरा प्रो एओ.' संथ, भरदार आवाज. वाटलं, रेक्टर मागे येऊन उभे राहिले असतील. नियमाप्रमाणे मी डोळे पुस्तकावरच ठेवले. एक नाव, एक उत्तर... माझी जीभ कुठेच अडली नाही. भीती मुळीच वाटली नाही. अंगभर काटा होता आणि ही प्रार्थना संपूच नये असं वाटत होतं.

संपल्यावर वळून पाहिलं. रेक्टर दारात गुडघ्यांवर होते, डोळ्यांत पाणी.

"ब्रदरना वाचा आली?" त्यांनी हळूच विचारलं.

"म-मला वाटलं तु-तुमीच म्हनताय, फादर."

"मी नाही. माझ्या तोंडून शब्दच फुटेना."

आम्ही खाटेजवळ गेलो. ब्रदरांचे ओठ घट्ट मिटलेले, हात गार पडलेले. रेक्टरनी पुष्कळ मरणं पाहिली होती. ते म्हणाले, प्रार्थना सुरू झाली तेव्हाच हे गेले असणार. मग त्यांनी मळा, विहीर, मागची वाट, सगळं धुंडाळलं. कुणी नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, "भरलेली ट्रंक रिकामी कर. ज्याला तिकडून उत्तर येतं, त्याला घरी धाडणारा मी कोण?"

पोस्टात, दुकानात मी आजही तोतरा आहे. वेदीपुढे एकदाही नाही. डॉक्टर म्हणतात, लयीत म्हटलं की जीभ सुटते. असेल तसं. पण तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला होता.

पुढे रेक्टरही गेले. त्यांच्या उशाशी ती प्रार्थना मीच म्हटली. खोलीभर माणसं उत्तर देत होती आणि मी प्रत्येक नावानंतर त्यांच्यात तोच आवाज शोधत होतो. तो कुणाचा होता, मला अजून माहीत नाही.