कुठलं धरण झालं तितं?

माझ्या लेकीच्या लग्नाच्या पत्रिका बारामतीहून छापून आल्या होत्या. आई टीव्हीसमोर बसून एकेका पत्रिकेला हळदीकुंकू लावत होती. बातम्यांत पॅलेस्टाईनमधलं एक लहानसं गाव दाखवत होते. टेकडीवर दगडी घरं, उतारावर शेतं, आणि तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला मिठी मारून बसलेली एक म्हातारी.

"कसली झाडं ती?" आईनं विचारलं.

"ऑलिव्ह. फळाचं तेल काढत्यात."

"म्हंजे आपल्या करडईगत. मग ती बाई का रडतीया?"

खालची पट्टी वाचून मी सांगितलं, की तिच्या सासऱ्याच्या आज्यानं ती झाडं लावली, आणि आता तिला स्वतःच्या शेतात पाऊल टाकू देत नाहीत. निम्मं गाव तर कधीच उठवलंय.

आईचा हात थांबला. "कुठलं धरण झालं तितं?"

मला हसू आलं, आणि हसल्याचा रागही आला. "धरण न्हाय, आई. दुसऱ्यांनी जमीन घेतली. त्यांच्याकडं लष्कर हाय."

"धरण न्हाय, मग उठवलं कशापायी?"

मी टीव्ही बंद केला.

आमचं गाव भीमेच्या काठावर होतं. धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. तेव्हा आई नवी नवरी होती. मी जन्मलो तो सणसरच्या बाजूला, नव्या गावठाणात, त्यामुळं जुनं गाव मी फक्त तिच्या तोंडून पाहिलंय. मारुतीची मूर्ती ट्रॅक्टरवर घालून इकडं आणली. पण वेशीवरचा राखणदार, शेंदूर फासलेला दगड, पहार लावली तरी हलला नाही. तो तिथंच राहिला. आईला सासरी आणली तेव्हा तिच्यावरनं ओवाळून पहिला नारळ फोडला तो त्याच्यापुढं. आणि आमच्या गावची रीत अशी, की घरातल्या लग्नाची पहिली अक्षत राखणदाराला. त्याला आवतण गेल्याशिवाय हळद फोडायची नाही. माझ्या लग्नात आईनं ती होडीतनं पाण्यात सोडली होती.

आता भाषणांतली गंमत ऐका. आमच्या पाण्यावर ज्यांचा ऊस डोलतो ते स्टेजवरनं म्हणतात, तुमच्या त्यागामुळं तालुका हिरवा झाला. त्याग म्हणजे आपण होऊन सोडणं हो. आम्हाला कुणी विचारलं होतं? घरात पाणी शिरल्यावर भांडी उचलली, त्याला त्याग म्हणतात होय? माझ्याही शेतात त्याच पाण्यावरचा ऊस आहे, ते मी नाकारत नाही. पण शब्द तरी खोटा वापरू नका.

यंदा पाणी खूप खाली गेलं. राखणदार उघडा पडलाय, चालत जाता येतंय, असं कुणीतरी सांगितलं आणि आई हट्टालाच पेटली. "एकदा माझ्या हातानं अक्षत ठिवू दे. परत पाणी उतरंल तवर मी न्हाय ऱ्हायची." गुडघ्यांनी ती अंगणातसुद्धा धड चालत नाही. तरी गाडीत घातली आणि निघालो.

काठावर पोचलो तर तारेचं कुंपण. पुण्याच्या कुणीतरी फार्महाऊस बांधलंय, आणि कुंपण घराभोवती थांबलेलं नाही, थेट उघड्या पडलेल्या गाळात उतरलंय. फाटकावर एक पोरसवदा बीडकडचा माणूस बसलेला.

"पक्षी बघायचे असतील तर आधी बुकिंग लागतं, काका."

माझं डोकं फिरलं. पाणी सरकारचं, गाळ सरकारचा, मग हे कुंपण कुणाच्या बापाचं? त्याला नाही नाही ते बोललो. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. त्यानं मालकाला फोन लावला, तिकडनं नाही म्हणून उत्तर आलं. "मी काय करू काका, मी हितला राखणदार. माझी भाकरी जाईल."

राखणदार म्हटल्यावर आईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग मला म्हणाली, "गप बस. त्याच्यावर काय वरडतोस?" आणि अक्षतांची पुडी तारेतनं त्याच्या हातावर ठेवली. "तुला तर आत जाता येतंय न्हवं? आमच्या राखणदाराफुडं एवढं ठिवून ये."

तो वहाणा काढून गाळातनं निघाला. आई तार धरून वाट सांगू लागली. "सुताराच्या घरावरनं सरळ जा. आता पार लागंल, तितनं डावीकडं वळ." तो थांबून वळून बघत होता. तिथं ना सुताराचं घर, ना पार. नुसता भेगाळलेला गाळ आणि जागोजागी दगड. आई मात्र बोलतच होती, "आरं, चावडी वलांडलीस की." शेवटी तो एका दगडाशी वाकला, अक्षता ठेवल्या, हात जोडले आणि परत आला. आईनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला.

सणसर जवळ आल्यावर गाडीत आई म्हणाली, "त्यो न्हवता."

"काय?"

"दगड. त्यो दुसराच हुता."

मी गाडी थांबवली. परत फिरतो म्हटलं, तार तोडतो म्हटलं, बघू कोण अडवतंय ते. आईनं नुसतं मानेनं नाही म्हटलं. "त्या लेकरानं वहाणा काढल्या व्हत्या," एवढंच म्हणाली.

हळद फुटली, लग्न पार पडलं. मांडवात आई सगळ्यांशी हसून बोलली. पाहुणे पांगल्यावर ती टीव्हीसमोर बसली, तर परत तीच म्हातारी, तेच तोडलेलं झाड. मी बंद करायला गेलो. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"तिला आत सोडत न्हाईत म्हणलास न्हवं?"

"व्हय."

"मग कुणीतरी तारंच्या आतनं फळं आणून देत आसंल तिला," आई म्हणाली. "दुसऱ्याच झाडाची. आन् ती काय बोलत नसंल."