मागची टाळी

मामांची टाळी कौतुकाची नसे. ती एकच असे, कोरडी, आणि ती वाजवून झाली की ते लगेच भिंतीकडे सरकत, जणू त्यांचे तिथे काही काम नव्हतेच. आमच्या परभणीच्या प्रयोगशाळेत कोणतीही नोंद त्या टाळीशिवाय सुरू होत नसे आणि तिच्याशिवाय संपतही नसे. पहिलीला ते पुढची टाळी म्हणत, दुसरीला मागची.

आम्ही उसाची मोळी उचलणाऱ्या बायकांच्या कमरेचा अभ्यास करत होतो. गंगाखेडकडच्या बायका येत. त्यांच्या सांध्यांवर चमकणारे छोटे गोळे चिकटवायचे. भोवतीचे आठ कॅमेरे फक्त ते गोळे टिपत, माणूस टिपत नसत. पडद्यावर दिसे ते एवढेच, की काळ्या पोकळीत पांढरे ठिपके वाकतात आणि उठतात. पायाखालची फरशी पावलांचा भार मोजे, पाठीवरचे बिनतारी सेन्सर स्नायूंचा जोर मोजत. तीन यंत्रे, तीन घड्याळे. तिन्हींच्या नोंदी एकाच क्षणावर बसल्या तरच कमरेवर भार नेमका केव्हा येतो ते कळणार होते, आणि त्यावरून बाईने किती वजनाची मोळी उचलावी हे सांगता येणार होते. माझा प्रबंध या एका प्रश्नावर उभा होता.

मामा सोनपेठ तालुक्यातल्या एका खेड्याचे. प्रयोगशाळेत सहायक म्हणून येण्यापूर्वी त्यांनी वीसेक वर्षे लग्नांचे आणि भीमगीतांच्या गायन पार्ट्यांचे शूटिंग केले होते. दोन कॅमेरे असत आणि आवाजाची पेटी वेगळी असे. टाळी ते तिथूनच घेऊन आले होते. “चित्र एकीकडं, आवाज एकीकडं,” ते सांगत. “वळख करून द्यावी लागती, ताई. न्हाईतर गायक तोंड मिटतो अन् गाणं चालूच ऱ्हातं.” पाहुण्यांसमोर मी मॅडम असे, एरवी ताई.

त्यांची पद्धत साधी होती आणि मला मान्य करावे लागेल, की निर्दोष होती. दोन्ही तळहातांवर एकेक गोळा, मनगटाच्या वर एक सेन्सर. फरशीवर उभे राहून ते टाचा उचलत, आणि टाळी वाजताक्षणी टाचा सोडत. एकच क्षण तिन्ही यंत्रांत उमटे. मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा डावा पाय आखूड झाला होता. त्यामुळे फरशीच्या नोंदीत आधी उजव्या टाचेचा उंच सुळका येई आणि त्याच्यामागे डाव्याचा बुटका. मी तो आलेख सहीसारखा ओळखत असे.

बायकांना मामा आवडत. द्रौपदाबाई नावाची तिखट जिभेची एक बाई होती. पहिल्याच दिवशी तिने विचारले, “मामा, आरती हाय का काय? परसाद कुठाय?”

“परसाद ताई देणार हायत. मी तुमच्या पाठीची अन् पायाची सोयरीक जुळवायलोय.”

“आता? जल्म गेला की दोघांचा एका घरात.”

मामा त्यावर दिवसभर हसत होते.

पुढे मी एक नवी पेटी मिळवली. तिचे एक बटण दाबले की तिन्ही यंत्रे एकाच क्षणी सुरू होत. टाळीची आता गरज नाही, असे मी जाहीर केले. मामांनी पेटी उलटीसुलटी करून पाहिली.

“सुरुवात एकदम व्हती, ते खरं हाय,” ते म्हणाले. “पण तिघांची चाल एक हाय का? आमी बी कॅमेरे एकदमच चालू करायचो. पहिल्या गाण्याला बरोबर बसायचं. दहाव्याला ओठ पुढं अन् आवाज मागं. पुढची टाळी सोडा, मागची तेवढी ऱ्हाऊ द्या. तसल्ली ऱ्हाती.”

मला घाई होती. दोन विद्यार्थी समोर उभे होते. मी म्हणाले, “मामा, हे लग्नाचं शूटिंग नाही.”

त्यांनी तळहातांवरचे गोळे सावकाश सोलून काढले, डबीत ठेवले आणि म्हणाले, “बरं, मॅडम.” खोलीत पाहुणा कोणीही नव्हता.

त्यानंतर मी टाळी ऐकली नाही. काम वेगाने होऊ लागले. मोळ्या उचलून झाल्या की मी बायकांना शेजारच्या खोलीत नेऊन त्यांच्या अंगावरचे गोळे काढत असे. मामा मागे थांबून यंत्रे बंद करत. माझी एकच तक्रार होती. सेन्सरांच्या संचातला एक सेन्सर जादाचा होता. तो कोणी वापरत नसे, तरी संध्याकाळी त्याची बॅटरी उतरलेली असे. “चार्जिंगला लावायला विसरता तुम्ही,” मी त्यांना दोनदा सुनावले. दोन्ही वेळा उत्तर एकच होते. “विसरलो असंन, मॅडम.”

एका रविवारी मामा गावी गेले आणि बसस्टँडवरून घरी चालत जाताना रस्त्यातच कोसळले. मला सोमवारी सकाळी फोन आला. त्या दिवशी माझे समितीसमोर सादरीकरण होते, म्हणून मी अंत्यविधीला गेले नाही. ते कारण तेव्हा मला पुरेसे वाटले होते.

मामांनंतर आणखी नऊ नोंदी घेऊन मी विश्लेषणाला बसले, आणि माझ्या हाती एक सुंदर निष्कर्ष लागला. पाऊण तासाच्या कामाच्या अखेरीस बायकांची पाठ उशिरा जोर लावू लागते. थकव्याने स्नायू मागे पडतात. हे वाक्य मी इतक्यांदा लिहून पाहिले होते, की ते मला पाठ झाले होते. बायकांना निकाल दाखवायचा म्हणून द्रौपदाबाईला बोलावले. तिने पडद्यावरची आपली शेवटची मोळी पाहिली.

“ही वर गेली बगा मोळी,” ती म्हणाली. “अन् जोर आत्ता आला? पाठीनं उचलल्याबिगर डोक्यावर जाती व्हय, बाई?” मग तिने खोलीभर नजर फिरवली. “मामा कुठं गेले?”

मी सांगितले.

मोळीबद्दलचा तिचा प्रश्न बिनतोड होता. स्नायू मागे पडले नव्हते, घड्याळ मागे पडले होते. कोणत्या नोंदीत किती, हे कळायला मार्ग नव्हता. नव्या पेटीनंतरचे सगळे काम गेले, असे धरून मी मूळ नोंदी उघडल्या. तोवर मी त्या कधी पूर्ण पाहिल्याच नव्हत्या. बाई फरशीवरून उतरली की पुढचा भाग माझा प्रोग्राम कापून टाकी. ज्या ठिपक्यांना सांध्याचे नाव नसे ते कॅमेऱ्यांचा भास समजून पुसून टाकी, आणि जादाच्या सेन्सरची ओळ वाचतच नसे.

द्रौपदाबाईचे ठिपके चौकटीबाहेर गेले. पडदा काळा झाला. थोड्या वेळाने कडेकडून दोन ठिपके आत आले. अंग नव्हते, चेहरा नव्हता. छातीच्या उंचीवर ते लांब झाले, वेगाने एकमेकांकडे निघाले आणि भेटण्याच्या अगदी आधी हळू झाले.

आवाज होऊ नये म्हणून. मी शेजारच्या खोलीत होते.

ठिपके मिटले. मग जादाच्या सेन्सरच्या ओळीत हात गच्च दाबल्याचा उसळता पट्टा उमटला. फरशीच्या नोंदीत आधी उजवा सुळका आला, मग डावा, बुटका. आणि आता एकाच टाळीच्या त्या तीन खुणांमध्ये अंतर पडलेले होते, मोजता येईल असे.

मी पुढची नोंद उघडली. मग त्यापुढची. मी ज्या दिवशी त्यांना बॅटरीवरून बोलले, त्या दोन्ही दिवशीही ते दोन ठिपके आले होते.

संगणक प्रत्येक ठिपक्याला नाव मागतो. मी लिहिले: मामा, डावा तळहात. मामा, उजवा तळहात. त्या आधारावर एकेका नोंदीतले घड्याळ सरळ केले, आणि पाठ पुन्हा मोळीच्या आधी जोर लावू लागली. माझे सुंदर वाक्य मी खोडले. शेवटच्या नऊ नोंदींच्या अखेरीस काळा पडदा आहे. त्याही मी शेवटपर्यंत पाहिल्या, जरुरीपेक्षा जास्त वेळ, आणि मग अभ्यासातून वगळल्या.

आता दोन्ही टाळ्या मी वाजवते. नवे विद्यार्थी आधी हसतात, मग शिकतात. माझ्या टाचांचे सुळके फरशीच्या नोंदीत एकाच वेळी येतात, एकाच उंचीचे. ते तसेच यायला हवेत. तरी दर वेळी मी त्या जोडीच्या मागे थोडी जागा सोडून बघते, बुटका सुळका आला आहे का.