‘मला’मधला काना

खिचडीनंतरचा तास मला कधी पुरत्या जागेपणी आठवतच नाही. करडीच्या शाळेत जेवणं उरकली की पोरं भिंतीला टेकायची, खिडकीतून पिकत आलेल्या धानाचा वास यायचा, आणि फळ्यावरची अक्षरंसुद्धा पेंगायला लागायची. हा तास कुणालाच नको असायचा. मी तो मागून घेतला, कारण त्या वेळी पोरं भांडत नाहीत आणि गोष्टीसाठी त्यांच्याइतकीच मीही उतावीळ असते.

दिवाळीची सुटी जवळ आली होती, म्हणून दुसरीच्या वर्गासाठी दिवाळीचंच चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात एक मातीची पणती घरभर फिरते आणि ज्याला त्याला विचारते, “मला जागा देता का?” खिडकी नको म्हणते, तिथं वारा आहे. विहिरीचा काठ नको म्हणतो. पान उलटायच्या आधी मी थांबायची, “आता कुठी जाईन ही?” असं विचारायची आणि सगळ्यांची उत्तरं ऐकून घ्यायची. पणतीची ओळ आली की खालून बोट फिरवत पोरांना माझ्याबरोबर म्हणायला लावायची. शब्द कानावर पडतो तेव्हाच डोळ्यांनाही दिसावा, एवढाच माझा डाव. एका पानावर अंगणात मुलांनी केलेला मातीचा किल्ला होता. आमच्याकडे दिवाळीत किल्ले करत नाहीत. पोरांनी एकमतानं ते वारूळ ठरवलं आणि आत नाग असेल, पणतीनं तिथं मुळीच जाऊ नये, म्हणून एकच कल्ला केला. मी म्हटलं, बरं बाबांनो, वारूळ तर वारूळ.

त्या कल्ल्यात एक मुलगी तेवढी गप्प असायची. तिचा बाप तलावात मासे धरतो, आई ते मोहाडीच्या बाजारात विकते. शाळेत तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. अक्षरांची कार्डं पुढ्यात ठेवली की ती खिडकीबाहेर बघत बसायची. सुटीच्या आधीच्या आठवड्यात तिची आई डोक्यावर टोपली घेऊन शाळेच्या फाटकाशी थांबली.

“बाई, घरी तं हिचं तोंड मिटत नाही, आन इथं बोलत नाही म्हनता. हिले वाचता येते का नाही, तेवढं सांगून द्या.”

“काहून?” मी विचारलं.

“येतच नसन तं कायले पाठवू? घरी राहून लहान्याले सांभाळन. दिवाळीपासून घरीच ठेवतो तिले.”

“सुटी लागन त्या दिवशी सांगतो,” म्हणून मी वेळ मारून नेली. त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. येतं म्हणावं तर कशाच्या जोरावर, आणि येत नाही म्हणायला जीभ रेटेना. पोरगी हातची जाणार, एवढंच दिसत होतं.

सुटी लागायच्या दिवशी पोरांनी पुन्हा तेच पुस्तक मागितलं. ऊन फरशीवरून हळूहळू सरकत होतं, कुणीतरी माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलं होतं. मला चित्रात शिरायची खोड आहे; वाचता वाचता मी त्या अंगणात चालायलाच लागते. पणती गोठ्याच्या दाराशी पोचली. तिच्यातलं तेल संपत आलं होतं. मला तिचा असा कळवळा आला, की तिचं बोलणं माझ्या तोंडून माझ्या आईच्या बोलीत निघालं, “मले जागा देता का?”

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “मले जागा देता का?”

कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. बोट ओळीखालून आपलं सरकत होतं. तेवढ्यात एक लहानसा हात आला आणि त्यानं माझं बोट बाजूला सारलं.

“बाई, मात्रा कुठी हाय?” आवाज घोगरा होता, पण स्पष्ट. “हा तं काना हाय. मला हाय ते.”

मी पानाकडे पाहिलं. ‘ल’च्या पुढे उभी रेघ, डोक्यावर काही नाही. बाकीची पोरं माझं ऐकून म्हणत होती. पुस्तकाकडे बघत होती ती ही एकटी. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

“चुकलीच मी,” मी म्हटलं. “मंग आता तूच वाच.”

तिनं वाचलं. अडखळत, एकेका अक्षरावर बोट टेकवत, पान संपेपर्यंत. शेवटी गोठ्यातल्या गायीनं पणतीला जागा दिली.

शाळा सुटली तेव्हा आई फाटकाशी उभीच होती. मी पुस्तक मुलीच्या हातात दिलं. “माह्याकडून कायले आयकता?” मी म्हटलं. “तिचंच आयका.”

आईनं रिकामी टोपली खाली ठेवली. मुलगी वाचायला लागली, खिडकी झाली, विहीर झाली. “मला जागा देता का?” आल्यावर आईनं तिला थांबवलं.

“असं कोन बोलते व?”

“पुस्तक बोलते,” मान वर न करता मुलगी म्हणाली. “मला म्हनजे मले, आई.”

आई खाली बसली. पदराला हात पुसून तिनं एक बोट त्या शब्दावर ठेवलं.

“हे मले होय?”

“होय.”

मग आई मला म्हणाली, “लहान्याले मी बाजारात नेत जाईन, बाई. हिले पाठवतो.” बोट मात्र तिनं शब्दावरून उचललं नव्हतं.