तव्यावरचं पातेलं

उल्हासराव दांडेकरांनी नोकरीची सगळी वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत गॅस पोचवण्यात घालवली, आणि म्हातारपणी ते येऊन पडले अशा गावात, जिथे नव्या घराला गॅस घ्यायलाच बंदी. दैवाला थट्टा करायची हौस असते हे खरं, पण ती अशा माणसाची तरी करू नये, असं त्यांच्या बायकोला, उल्काताईंना, वाटायचं.

ह्यूस्टनच्या एका कंपनीत ते पाइपलाइनचे इंजिनीअर होते. घर शुगर लँडला. जेवायला आलेल्या पाहुण्याला जमिनीखालून कुठली लाइन कुठे जाते हे ऐकल्याशिवाय श्रीखंड मिळत नसे. स्वयंपाकात मात्र त्यांचा हात फक्त सकाळच्या चहापुरता. तिथल्या शेगडीचं बटण फिरवलं की आपोआप ज्योत लागते, पण ह्यांना पुण्याहून आणलेला लायटरच हवा. टक टक करून गॅस पेटवायचा, ॲल्युमिनियमच्या काळपट पातेल्यात आलं ठेचून टाकायचं, आणि कप घेऊन पलंगाशी जायचं. "उल्का, ऊठ. चहा झाला." उल्काताई कधीच्या जाग्या असायच्या. पण हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून डोळे मिटून पडून राहायच्या. संसारात बाईला एवढी लबाडी माफ असते.

मग विसरणं सुरू झालं. नेहमीचे रस्ते चुकू लागले. पुढे सख्ख्या भावाला, प्रसादला, त्यांनी फोनवर "आपण कोण?" असं विचारलं. प्रसाद तिकडे पुण्यात रडला. चहा मात्र चुकला नाही. हाताच्या सवयी सगळ्यांत शेवटी जातात, असं डॉक्टर म्हणाले होते. उल्काताईंनी त्यातून स्वतःपुरता अर्थ काढला: चहा आहे तोवर आपलं नाव आहे.

एके दिवशी त्या परसातल्या कढीलिंबाला पाणी घालून आत आल्या, तर घरभर गॅसचा वास. बटण उघडं, ज्योत नाही. ज्या माणसाला तो वास आयुष्यभर सगळ्यांच्या आधी यायचा, तो त्याच वासात बसून निवांत पेपर चाळत होता. उल्काताईंनी खिडक्या उघडल्या आणि मुलाला फोन लावला.

यतीन एकुलता एक. मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीच्या पलीकडे त्याने नुकतंच नवं घर बांधलं होतं. "आई, इकडेच या. इथे टाउनचा रूलच आहे, न्यू कन्स्ट्रक्शनमध्ये गॅस नाही. ऑल इलेक्ट्रिक. बाबांसाठी किती सेफ आहे, थिंक अबाउट इट." खोटं काही नव्हतं त्यात. नियम करणाऱ्यांनी हवेचा विचार केला होता, यतीनने बापाचा. दोघांनाही नावं ठेवता येत नव्हती, आणि म्हणूनच उल्काताईंना आपलं दुःख कुणावर ढकलावं ते कळेना.

सून रीमा जिवाला जीव देणारी. तिने सासूची भांडी एकेक करून फ्रिजवरच्या लोहचुंबकाने तपासली. "आई, मॅग्नेट चिकटलं तरच इंडक्शनवर चालतं." पातेल्याला चिकटलं नाही. ते गराजमधल्या खोक्यात गेलं.

पहिल्या सकाळी उल्हासराव लायटर घेऊन त्या काळ्या गुळगुळीत काचेपुढे उभे राहिले. टक टक. बटण शोधलं, सापडलं नाही. पुन्हा टक टक. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "लाइन डाउन आहे. कंट्रोल रूमला कळवा. थंडीचे दिवस आहेत, लोकांच्या घरात लहान मुलं असतील!" दुपारपर्यंत ते फोनजवळून हलले नाहीत. रोज तेच. पुढे पुढे ते उठून नुसते खिडकीशी बसू लागले. आणि उल्काताईंना त्यांनी हाक मारणं थांबवलं. काही हवं असलं की त्या बघेपर्यंत वाट पाहायचे. लग्नाचा नवरा घरात असून बाई बिननावाची झाली.

शेवटी उल्काताईंनीच मनाशी ठरवलं. यतीन आणि रीमा कामावर गेल्यावर त्यांनी गराजमधून पातेलं काढलं. इंडक्शनवर भाकरीचा लोखंडी तवा ठेवला, त्यावर पातेलं. तवा तापला की पातेलं तापणारच, याला इंजिनीअर कशाला लागतो? मग नवऱ्याच्या हातात लायटर दिला आणि डबे पुसायचं निमित्त करून त्याच्या कोपराशी उभ्या राहिल्या.

टक टक. उल्काताईंनी मागून काचेवरच्या खुणेला हळूच बोट लावलं. तवा घुं करू लागला.

"लाइन आली!" उल्हासराव म्हणाले. किती दिवसांनी ते हसले. ज्योत कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही. पाण्याला बारीक बुडबुडे आले तसा त्यांचा हात आपोआप आल्याकडे गेला. चहा उकळताना बघून उल्काताई लगबगीने खोलीत आल्या, पांघरूण ओढून डोळे मिटून पडल्या. या वयात असली सोंगं! छाती नव्या नवरीसारखी धडधडत होती.

पावलं आली. कप टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. उल्काताईंनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"काकू," उल्हासराव अदबीने म्हणाले, "उठता का? चहा ठेवलाय. गॅस आला बरं का."

त्या उठून बसल्या. कप हातात घेतला. आलं नेहमीइतकंच पडलं होतं.

"चांगला झालाय?"

"छान झालाय हो."

"आमच्या हिला माझ्याच हातचा लागतो," ते खुशीत म्हणाले. "तिचा कप ओतून ठेवलाय. देऊन येतो, नाहीतर निवेल."

ते स्वयंपाकघरात गेले, दुसरा कप घेतला, आणि पलीकडच्या पाहुण्यांच्या खोलीचं दार त्यांनी अलगद उघडलं. त्या खोलीत कुणी राहत नव्हतं. भिंतीआडून त्यांचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा.

"उल्का, ऊठ. चहा झाला."

थोडं थांबून त्यांनी पुन्हा हाक मारली.

उल्काताईंनी पदराने डोळे टिपले. "उठले हो," त्या इथूनच म्हणाल्या.