टोकियोत कुणी मागून आवाज देत न्हाई

मंडळी, आज टोकियोत हाताशी आलेली गिटार गेली, आणि तीही आमच्या अप्पांमुळं!

जुन्या गिटारींच्या दुकानात एक माझ्याच वयाची गिटार जाम आवडली. अप्पांचं उदगीरला कापडाचं दुकान. किंमत ऐकताच त्यांनी मला बाहेर ओढलं. "चल. मागं बघू नको. भाव पाडून आवाज देतोच बघ."

दुकानदार दारात आला आणि कमरेत वाकला. कोपऱ्यावरून चोरून बघितलं, तर अजून वाकलेलाच!

"लई पक्का हाय," अप्पा म्हणाले.

चहा पिऊन परत गेलो, तर गिटार दुसऱ्याच्या गळ्यात.

तेव्हापासून अप्पा सारखं मागं वळून बघतायत. आत्ता म्हणाले, "गिटार जाऊ दे रे. पण एक आवाज तरी द्यायचा होता त्यानं."

गिटार माझी गेली, आणि समजूत मी त्यांची काढायलोय. तुमच्या घरी पण असंच हाय का?